होळीला कापा, पाडव्याला लावा : अणदूरच्या अंगणात पांढरा चाफा

उन्हाला न घाबरणारे, थोड्या पाण्यावर भागवणारे आणि संध्याकाळी सगळे अंगण सुगंधाने भरून टाकणारे झाड हवे आहे ना? मग पांढरा चाफा लावा. रोप विकत आणायचे कारण नाही. ओळखीच्या झाडाची एक फांदी तुम्हाला पुरेल. अणदूरच्या हवेला हे झाड उत्तम मानवते आणि त्याचे वेळापत्रकही आपल्या सणांशी छान जुळते. होळीला फांदी कापायची, पंधरा दिवस वाळवायची, पाडव्याला पिशवीत लावायची आणि मृगाचे पाऊस झाले की जमिनीत न्यायची.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. चाफा तहानेने क्वचित मरतो, पाणी जास्त झाले की मात्र हमखास कुजतो. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्या एकाच गोष्टीची काळजी घेतात, म्हणून क्रम बदलू नका.

हे साहित्य जमवा

फांदीसाठी : धारदार कटर किंवा बारीक दात्यांची करवत, रबरी हातमोजे, स्पिरिट, कापूस, जुने फडके, रंगीत दोरा.

पिशवीसाठी : रोपवाटिकेत मिळते तशी काळी प्लास्टिक पिशवी किंवा ५ लिटरचा तेलाचा रिकामा डबा, २ भाग जाड वाळू, १ भाग चाळलेली माती, २ तुराट्या, सुतळी.

जमिनीसाठी : टिकाव, फावडे, घमेले, पूर्ण कुजलेले शेणखत, मुरूम, ५ फुटांचा बांबू, सोयाबीनचे किंवा तुरीचे भुसकट, कुंपणाला बाभळीच्या फांद्या.

भाग १ : फांदी कापणे (होळीचा आठवडा)

१. झाड निवडा. ज्या झाडाला तुम्ही स्वतः भरपूर फुले पाहिली आहेत, तेच घ्या. सावधान : ही कृती फांदी मोडल्यावर पांढरा चीक येणाऱ्या चाफ्याची आहे. लाल आणि गुलाबी चाफाही असाच लागतो. सोनचाफा, हिरवा चाफा आणि कवठी चाफा असे लागत नाहीत. त्यांचे तयार रोप किंवा कलमच आणा.

२. मालकाला विचारा. झाड देवळाच्या आवारात असेल तर पुजाऱ्यांना किंवा विश्वस्तांना सांगूनच फांदी घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात, कारण छाटणीने झाडाचेही भलेच होते.

३. फांदी हेरा. साल करडी झालेली, अंगठ्यापेक्षा जाड आणि टोकाला नवी पाने अजून न फुटलेली फांदी उत्तम. सावधान : हिरवी, कोवळी फांदी लवकर कुजते. ती सोडून द्या.

४. लांबी मोजा. टोकापासून खाली दीड फूट मोजा आणि तिथे खूण करा. सावधान : एक फुटापेक्षा लहान तुकड्यात मुळे फुटेपर्यंत तग धरण्याइतका साठा नसतो.

५. हत्यार पुसा. कटरच्या किंवा करवतीच्या पात्यावर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि पाते वाळू द्या. घाण पाते फांदीला रोग देते.

६. हातमोजे घाला. चाफ्याचा चीक कातडीला झोंबतो आणि कपड्यांवर कायमचे डाग पाडतो. सावधान : चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांना थोडे लांबच उभे करा.

७. फांदी कापा. खुणेवर एकाच दमात सरळ काप घ्या. सावधान : बोथट पात्याने फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या जागेपासूनच कुजायला लागते.

८. चीक गळू द्या. फांदी पाच-दहा मिनिटे कापलेले टोक खाली करून धरा किंवा टेकवा, मग टोक फडक्याने हलके टिपा. फडके नंतर फेकून द्या.

९. राहिलेली पाने कापा. देठाचा अर्धा इंच भाग फांदीवर ठेवून पान कापा. तो भाग आपोआप वाळून गळेल. सावधान : पाने ओरबाडलीत तर सालीला जखमा होतात.

१०. खालच्या टोकाला दोरा बांधा. एका लांब फांदीचे दोन तुकडे केले असतील तर ही पायरी मुळीच चुकवू नका. वाळल्यावर दोन्ही टोके सारखी दिसतात आणि उलटी लावलेली फांदी वाया जाते.

११. फांदी सावलीत वाळत ठेवा. ओसरीत किंवा पडवीत, हवा खेळेल अशा जागी भिंतीला टेकवून ठेवा आणि १० ते १५ दिवस विसरून जा. सावधान : ऊन नको, प्लास्टिकची पिशवी नको, पाण्याचा तांब्याही नको. साल थोडी सुरकुतली तर घाबरू नका, तसे व्हायलाच हवे.

भाग २ : पिशवीत लावणे (पाडव्याच्या आसपास)

१२. कापलेले टोक तपासा. ते कोरडे, टणक आणि खपली धरलेले असले पाहिजे. सावधान : ओलसर लागले तर आणखी चार दिवस थांबा. काळे, मऊ पडले असेल तर आत पांढरा, घट्ट गाभा लागेपर्यंत कापत जा आणि पुन्हा वाळवा.

१३. पिशवीला भोके पाडा. तळाला चार आणि बाजूंना खालच्या अंगाला चार भोके हवीत. तयार पिशवीला भोके असली तरी ती मोकळी आहेत ना ते पाहा. डबा असेल तर खिळ्याने पाडा.

१४. मिश्रण तयार करा. २ घमेली जाड वाळू आणि १ घमेले चाळलेली माती कोरडीच एकत्र करा. सावधान : ह्यात शेणखत अजिबात घालू नका. मुळे नसलेल्या फांदीला खत लागत नाही, उलट ती खताच्या ओलीत कुजते.

१५. पिशवी भरा. वर दोन बोटे जागा सोडून मिश्रण भरा आणि पिशवी जमिनीवर दोनदा आपटून बसवा.

१६. मधोमध भोक करा. फांदीपेक्षा थोड्या जाड काठीने ४ इंच खोल भोक पाडा. सावधान : फांदीच मातीत खुपसू नका. टोकाची खपली निघते आणि आपली पंधरा दिवसांची तयारी वाया जाते.

१७. फांदी भोकात ठेवा. दोऱ्याचे टोक खाली, ४ इंच आत. ह्याहून खोल नको. जितकी फांदी मातीत जास्त, तितकी कुजण्याची भीती जास्त.

१८. माती दाबा. बोटांनी चहूबाजूंनी घट्ट दाबा. हलकेच ढकलून पाहा, फांदी डुलली तर आणखी दाबा.

१९. तुराट्यांचा आधार द्या. दोन बाजूंना दोन तुराट्या रोवा आणि सुतळीने फांदी त्यांना सैलसर बांधा. सावधान : चैत्र-वैशाखातल्या वावटळीत फांदी हलली तर नुकती फुटलेली मुळे तुटतात. आधार हवाच.

२०. एकदा पोटभर पाणी घाला. तळाच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत घाला आणि थांबा. एवढे भरपूर पाणी आता बरेच दिवस द्यायचे नाही.

२१. पिशवी जागेवर ठेवा. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा, लिंबाच्या झाडाखाली किंवा शेडनेटखाली, सर्वांत चांगली. सावधान : उन्हाळ्यात स्लॅबवर किंवा पत्र्यावर ठेवू नका. पिशवीतली माती तापते आणि मुळे आतल्या आत भाजतात.

भाग ३ : मुळे फुटेपर्यंत (चैत्र ते ज्येष्ठ)

२२. बोटाने ओल पाहा. दर चार दिवसांनी बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर मागे फिरा.

२३. कोरडे लागले तरच अर्धा तांब्या पाणी घाला. साधारणपणे आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरते. सावधान : पारा चाळिशीच्या वर गेला की तुमचा हात आपोआप पाण्याकडे जाईल. तो आवरा. पाने नाहीत तोवर फांदी फारसे पाणी पीत नाही.

२४. फांदी हलवू नका. मुळे आली का हे पाहायला उपटणे तर दूरच, पिशवीची जागाही बदलू नका.

२५. आधी कळ्या आल्या तर खुडा. काही वेळा पानांआधीच टोकाला कळ्यांचा तुरा येतो. मन मोठे करा आणि तो नखाने खुडा. सावधान : ठेवलात तर फांदीची सगळी ताकद फुलांत जाईल आणि मुळे मागे राहतील.

२६. पाने मोजा. सुरुवातीची दोन-तीन इवली पाने फांदीतल्या साठ्यावरच येतात, त्यावर भुलू नका. पाच-सहा पाने वीतभर झाली की मुळे धरली असे समजा. ह्याला साधारण दोन महिने लागतात.

२७. पाणी थोडे वाढवा. आता दर चार-पाच दिवसांनी पाणी द्या. तरीही आधी बोट, मग तांब्या.

२८. उन्हाची सवय लावा. आठवडाभर रोज थोडे जास्त ऊन द्या, मग पिशवी पूर्ण उन्हात ठेवा. सावधान : सावलीतून एकदम कडक उन्हात नेलेत तर पाने करपतात.

भाग ४ : जागा तयार करणे (मे महिना)

पिशवीतली फांदी मुळे धरत असतानाच हे काम उरका.

२९. जागा ठरवा. किमान सहा तास ऊन, भिंतीपासून ८ ते १० फूट अंतर आणि वर विजेच्या तारा नाहीत, अशी जागा हवी. सावधान : मोरीचे किंवा न्हाणीचे सांडपाणी जिथे जाते तिथे चाफा लावू नका. फुकटचे पाणी म्हणून ती जागा मोहात पाडते आणि नेमकी तीच झाड कुजवते.

३०. जमिनीची परीक्षा घ्या. एक फूट खोल खड्डा करा, बादलीभर पाणी ओता, ते पूर्ण मुरू द्या आणि संध्याकाळी दुसरी बादली ओता. सकाळपर्यंत पाणी मुरले तर जमीन निचऱ्याची आहे. पाणी उरले तर ती भारी काळी आहे.

३१. जमिनीप्रमाणे खणा. मुरमाड, बरड जमिनीत २ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्डा घ्या. भारी काळ्या जमिनीत फक्त एक फूट खणा. तिथे आपण वर ओटा करणार आहोत. सावधान : काळ्या जमिनीतला खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यातली विहीर. आजूबाजूचे सगळे पाणी त्यात उतरते आणि तिथेच साचते.

३२. खड्डा तापू द्या. १५ दिवस उघडा ठेवा. कडक उन्हाने किडी आणि बुरशी मरते. जवळ मुले खेळत असतील तर खड्ड्यावर काटेरी फांदी टाका.

३३. भरणाची माती कालवा. निम्मी माती, पाव भाग मुरूम आणि पाव भाग कुजलेले शेणखत घ्या. सावधान : शेण ताजे नको. त्याची उष्णता मुळांना बाधते आणि त्यातून हुमणीही येते.

३४. खड्डा भरा. बरड जमिनीत जमिनीच्या वर चार बोटे येईल इतका भरा. काळ्या जमिनीत खड्डा भरून झाल्यावर वर ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच ओटा करा. ओट्याचे काठ उतरते ठेवा, उभे केलेत तर पहिल्याच जोरदार सरीत ढासळतात.

३५. पहिला पाऊस पडू द्या. भरलेली माती त्या पावसाने खाली बसते. बसली की कमी पडेल तेवढी वर घाला.

भाग ५ : जमिनीत लावणे (मृगाचे पाऊस झाल्यावर)

३६. वाफशाची वाट पाहा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती ओली आहे, पण हाताला चिकटत नाही, असा दिवस धरा. सावधान : चिखलात लावलेत तर माती मुळांभोवती आवळून बसते.

३७. लहान खळगा करा. पिशवीपेक्षा थोडा रुंद आणि पिशवीइतकाच खोल.

३८. पिशवी कापा. ब्लेडने बाजूला उभी चीर द्या आणि प्लास्टिक सोलून काढा. डब्यात लावले असेल तर आदल्या दिवशी पाणी देऊ नका, डबा आडवा करून थोपटा आणि गोळा सरकवून काढा. सावधान : बुंध्याला धरून ओढू नका. मुळे नाजूक असतात, गोळा फुटतो.

३९. गोळा खळग्यात ठेवा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच. बुंध्यावर जास्तीची माती चढवू नका.

४०. माती भरून दाबा. हातानेच दाबा, पायाने तुडवू नका.

४१. बांबू रोवा. बुंध्यापासून वीतभर अंतरावर रोवा आणि सुतळीची आठच्या आकड्यासारखी सैल गाठ बांधा. सावधान : घट्ट दोरी वाढत्या सालीत रुतते.

४२. आळे करा. बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल चर काढा. बुंध्यालगतची माती उंचच राहू द्या. ओट्यावर लावले असेल तर हा चर ओट्याच्या माथ्यावरच घ्या आणि पावसाळ्यात उताराच्या बाजूने फोडून ठेवा. पाणी नेहमी चरात घालायचे, बुंध्यावर कधीच नाही.

४३. भुसकट पसरा. दोन इंचांचा थर द्या आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. सावधान : ओले भुसकट बुंध्याला टेकले की साल कुजते.

४४. कुंपण करा. बाभळीच्या फांद्या गोल रोवा. शेरडे आणि वासरे पाने खातील न खातील, पण अंग घासून कोवळे झाड नक्की मोडतात.

भाग ६ : वर्षभराची देखभाल

४५. उघडीप मोजा. पावसाने दहा दिवस दडी मारली तरच चरात एक बादली पाणी द्या. आपल्याकडे ऑगस्टात असा खंड बऱ्याचदा पडतो, लक्ष ठेवा.

४६. पानांची मागची बाजू पाहा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा पाने उलटून बघा. नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा.

४७. तांबेऱ्याची पाने काढा. खाली पडलेलीही वेचा आणि जाळा. खताच्या खड्ड्यात टाकू नका.

४८. रोग वाढला तर गंधक फवारा. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, एका लिटर पाण्यात २ ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंनी. सावधान : सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच फवारा, नाहीतर पाने भाजतात. नाक-तोंड झाकून घ्या.

४९. चंपाषष्ठीपासून पाणी तोडा. खंडोबाची धामधूम सुरू झाली की चाफ्याची पाने पिवळी पडून गळू लागतात. झाड मेले असे समजू नका, ते विश्रांती घेत आहे. पहिल्या वर्षी तीन आठवड्यांतून एकदा अर्धी बादली पुरे, पुढच्या वर्षांपासून तीही नको. सावधान : पानगळ पाहून पाणी वाढवणे ही सर्वांत जास्त झाडे घालवणारी चूक आहे.

५०. पिठ्या ढेकूण धुऊन काढा. फांद्यांच्या टोकांना कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा मारा. तेवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चमचाभर पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजा, ढेकूण आलेच.

५१. नवे कोंब दिसले की पाणी सुरू करा. उन्हाळ्याच्या तोंडाला टोके हिरवी होतात. पहिली दोन वर्षे तिथून पावसापर्यंत आठवड्याला एक बादली द्या. मोठे झाड उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा दिलेल्या पाण्यावर सुखाने राहते.

५२. जूनमध्ये खत द्या. २ घमेली शेणखत आणि दोन मुठी सिंगल सुपर फॉस्फेट चरात घालून मातीने झाका. सावधान : युरिया नको. झाड नुसते पानांनी माजते आणि फुले रुसतात.

५३. दुसऱ्या किंवा तिसऱ्या होळीला छाटणी करा. एकच लांब फांदी सरळ वर गेली असेल तर कंबरेच्या उंचीवर कापा. कापाखालून दोन-तीन फांद्या फुटतात आणि झाड छत्री धरते. सावधान : पावसाळ्यात कधीही छाटू नका. काप कुजतो आणि फुले फांद्यांच्या टोकांनाच येत असल्यामुळे त्या हंगामाची फुलेही जातात.

५४. फुले सकाळी वेचा. झाडाखाली पडलेली ताजी फुले पूजेला आणि ओंजळीला पुरून उरतात. तोडायचीच असतील तर एक-एक फूल घ्या, तुरा मोडू नका; त्यातल्या कळ्या पुढे कित्येक दिवस उमलत राहतात.

फांदीपासून लावलेला चाफा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतो. त्याला ना रोजचे पाणी लागते ना महागडे खत, आणि आपल्या भागात ही फार मोठी गोष्ट आहे. छाटलेल्या फांद्या मात्र उकिरड्यावर टाकू नका. दीड फुटाचे तुकडे करा, दोरा बांधा, वाळवा आणि शेजारच्या काकूंना, मुलांच्या शाळेला, नळदुर्गच्या पाहुण्यांना द्या. सोबत एवढे एकच सांगा : पाणी घालण्याआधी बोटाने ओल बघा.